पत्र एडिसनहून: आईला ‘सोडून’ द्यायचं का?

*ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत, नऊ वर्षं अल्झायमर आहे. आता ‘आई गं’, ‘नको’ आणि कधीतरी ह्यांचं घरातलं नाव, एवढंच बोलतात. दिवाळीपासून चालणं बंद झालंय. वर्षभरात दोनदा न्यूमोनिया होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी एक डॉक्टर दारातच उभ्या राहून चार-पाच मिनिटं बोलल्या, ‘हॉस्पिस’ म्हणाल्या आणि माहितीपत्रक ठेवून गेल्या. ह्यांना एवढंच कळलं की आता हे लोक काही करणार नाहीत. ह्यांनी ‘नको’ म्हटलं. मग अन्नासाठी पोटात नळी घालायचं निघालं. शेजारच्या खाटेवर एक गोऱ्या आजी होत्या. त्यांच्या मुलीला वेगळ्या खोलीत बसवून तिघं-चौघं तासभर समजावत होते. पुण्याचे दीर व्हिडिओवर म्हणाले, ‘पैसे वाचवायला आईला सोडून देताय का?’ आमच्याकडे दिवसा येणाऱ्या मदतनीस बाई न्यूअर्कच्या, कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्या आईला हाच आजार होता. त्या म्हणाल्या, ‘आम्हाला हॉस्पिसचं नाव शेवटच्या तीन दिवसांत कळलं. तोवर नळी होती, ती ओढू नये म्हणून आईच्या हातांना जाड मोजे बांधले होते.’ आमच्या रंगामुळे, नावामुळे आम्हाला असं वागवलं का? आणि आता आम्ही काय करावं?*
*— एक सून*

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. सासूबाईंपाशी वेळ थोडा आहे, पहिल्या प्रश्नाला थोडं थांबवलं तरी चालेल.

मी या राज्यात हॉस्पिसची नर्स म्हणून बरीच वर्षं घरोघर फिरले आहे. हॉस्पिस म्हणजे आजार बरा करण्यामागे न लागता शेवटच्या काळात माणसाचा त्रास कमी ठेवणारी सेवा. हॉस्पिस नावाची इमारत फार थोड्यांच्या वाट्याला येते, बहुतेकांकडे हॉस्पिस घरी येतं. 1982 च्या कायद्यानं ते मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यात आलं. आजार आपल्या गतीनं गेला तर माणूस सहा महिन्यांपलीकडे जाणं कठीण, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. सहा महिने ही काही शेवटची तारीख नसते. आधी 90 दिवस, मग आणखी 90, त्यानंतर 60-60 दिवसांचे टप्पे, डॉक्टर पुन्हा पुन्हा लिहून देत राहतील तोवर कितीही. घरी खाट येते, ऑक्सिजन येतो, डायपर येतात, त्या आजाराची औषधं येतात. नर्स ठरल्या दिवशी येते आणि रात्री-बेरात्री उचलला जाणारा एक फोन नंबर मिळतो. पटलं नाही तर एका सहीवर कधीही बाहेर पडता येतं, पुन्हा रुग्णालयात जाता येतं. हे शेवटचं वाक्य तुमच्या यजमानांना सांगा. दाराशी उभं राहून बोललेल्या डॉक्टरांनी ते सांगितलं नसणार.

डिमेन्शियासाठी डॉक्टर ‘फास्ट’ नावाची सात पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. सातव्या पायरीवर बोलणं पाच-सहा शब्दांवर येतं, मग एका शब्दावर, मग आधाराशिवाय चालणं जातं, पुढे बसणं, हसणं, मान सावरणं. चालणं गेलेलं असेल आणि गेल्या वर्षभरात न्यूमोनिया, पाठीला खोल जखमा, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन कमी होणं यातलं काही झालेलं असेल, तर हॉस्पिसचं दार उघडतं. तुमच्या पत्रातल्या सासूबाई त्या दारात उभ्या आहेत. म्हणजे डॉक्टरांनी विषय काढला ते चूक नव्हतं. चूक होती ती काढण्याच्या रीतीत, आणि माझ्या लेखी ती लहान चूक नाही.

मेडिकेअरचं कार्ड मात्र आधी बघून घ्या. सासूबाई ग्रीनकार्डावर आल्या असतील तर त्यांना इथे सलग पाच वर्षं झाली आहेत का, आणि हॉस्पिस ज्यातून मिळतं तो ‘पार्ट ए’ तुम्ही विकत घेतलाय का? इथे दहा वर्षं नोकरी न केलेल्या आई-वडिलांना तो फुकट मिळत नाही, महिन्याला पाचशे डॉलरच्या पुढे पडतो. त्यामुळे आपल्यातली कितीतरी घरं नुसता ‘पार्ट बी’, म्हणजे डॉक्टरांच्या भेटींचा भाग घेतात आणि हे ऐनवेळी समजतं. तसं असेल तर घाबरू नका, पण मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याची चौकशी आजच करा. न्यू जर्सीत मेडिकेडमधूनही हॉस्पिस मिळतं.

काय मिळत नाही तेही सांगते, कारण माहितीपत्रकावर हसऱ्या चेहऱ्याचा फोटो असतो आणि हे नसतं. दिवसभर बसणारं माणूस मिळत नाही. आंघोळ घालायला, कूस बदलायला हॉस्पिसची मदतनीस आठवड्यातून काही वेळा येते, तासभर थांबते. रात्रीचं जागरण तुमचंच राहतं. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिलेली नाही, आणि नेमक्या त्या ओळीची मला काळजी वाटते. अगदीच दमलात तर ‘रेस्पाइट’ मागा. सलग पाच दिवसांपर्यंत सासूबाईंना एखाद्या केंद्रात ठेवतात आणि घरच्यांना झोप मिळते. मागितल्याशिवाय हे सहसा कुणी सुचवत नाही. आणि हॉस्पिस आलं म्हणून न्यूअर्कच्या बाईंना कामावरून कमी करू नका. हॉस्पिसची मदत त्यांच्या जोडीला यावी.

आता नळीचं. वाढलेल्या डिमेन्शियात पोटात नळी घातली तर आयुष्य वाढत नाही, न्यूमोनिया थांबत नाही, पाठीच्या जखमा कमी होत नाहीत. उलट माणूस नळी ओढतो, मग त्याचे हात बांधले जातात. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीचा, म्हणजे इथल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: नळी घालू नका, हातानं भरवा. आपल्याला हे ऐकायला जड जातं, कारण ‘आईला उपाशी कसं ठेवायचं’ हा प्रश्न आपल्या हाडात आहे. म्हणून एक पाहिलेलं सांगते. एका घरी आजींना भरवताना चमचा ओठाला लागला की त्या तोंड घट्ट मिटायच्या. सुनेला वाटायचं, त्यांना जेवायचंच नाही. मी तिला म्हटलं, आधी पाठीमागे उश्या लावून त्यांना ताठ बसव, तू समोर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बस, अर्धा चमचा दाटसर पेज घे, आणि आधी तुझं तोंड उघड. तिनं ‘आ’ केला, आजींनीही ‘आ’ केला. मग गळ्यावर नजर ठेवून घोट खाली जाईपर्यंत थांबायचं. पाच चमच्यांना वीस मिनिटं लागली, सहाव्याला आजींनी मान वळवली. ती मान वळवणं म्हणजे त्यांचं ‘पुरे’. त्यापुढचा चमचा फुप्फुसात जाण्याचा धोका. भरवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. त्या घरात शेवटपर्यंत असंच चाललं, आणि पाच चमच्यांना ‘जेवण’ म्हणायला त्या सुनेला महिना लागला.

नळीपासूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. नर्सिंग होममधल्या, हातानं जेवता न येणाऱ्या आणि डिमेन्शिया फार पुढे गेलेल्या लोकांचा देशभराचा एक मोठा अभ्यास आहे. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं रुग्णालय, इथे त्याचा अर्थ वृद्धांचा कायमचा निवास.) 2000 साली अशा गोऱ्या रहिवाशांपैकी 8.6 टक्क्यांना वर्षभरात नळी घातली जायची, 2014 पर्यंत ते प्रमाण 3.1 वर आलं. कृष्णवर्णीयांत 2000 साली ते सदतीस टक्क्यांच्या वर होतं, आणि 2014 मध्येही 17.5. नळीचा उपयोग नाही हे डॉक्टरांना कळत गेलं, नळ्या कमी झाल्या, पण कमी होतानाही कुणाच्या कमी झाल्या ते पाहा. तुमच्या मदतनीस बाईंची आई या 17.5 मधली होती, असं धरून चाला.

हॉस्पिसचं चित्र याच्या उलटं आहे. मेडिकेअरवर असताना वारणाऱ्या गोऱ्या लोकांपैकी साधारण निम्मे हॉस्पिसमध्ये असतात. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (मूळ लॅटिन अमेरिकेतल्या) आणि आशियाई लोकांत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहतं. आणि डिमेन्शिया कुणाला जास्त होतो? कृष्णवर्णीय वृद्धांना गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट, हिस्पॅनिकांना दीडपट. ज्यांना हा आजार जास्त, त्यांच्या वाट्याला शेवटची ही सेवा कमी.

याचं कारण विचारलं की बैठकांमध्ये एक उत्तर ठेवलेलं असतं: ‘त्यांच्या संस्कृतीत हे बसत नाही.’ मी हे आपल्याबद्दल ऐकलंय, कृष्णवर्णीयांबद्दल ऐकलंय, पोर्तो रिकोच्या लोकांबद्दल ऐकलंय. तीन खंडांच्या संस्कृतींत एकच गोष्ट कशी काय बसत नाही? मला हे उत्तर पटत नाही. घरोघर फिरून मला जे दिसलं ते असं की त्यांना वेळेवर, त्यांच्या भाषेत, बसून कुणी विचारलेलंच नसतं.

शब्दच घ्या. स्पॅनिशमध्ये ‘ओस्पिसियो’ म्हणजे अनाथालय, निराधारांचा आश्रम. ‘आईला हॉस्पिसमध्ये घाला’ हे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला कसं ऐकू जात असेल? आपल्याकडे तर तो शब्द ‘हॉस्पिटल’च्या इतका जवळ आहे की एका आजोबांना फोनवरच्या मराठी दुभाष्यानं ‘शेवटचं हॉस्पिटल’ असं सांगितलं, आणि आजोबा उठून आत निघून गेले. मी दुभाष्याला थांबवलं आणि मराठीत म्हटलं, आजोबा, कुठे जायचं नाहीये, आम्ही तुमच्याकडे येणार आहोत. तेव्हा ते परत येऊन बसले. मी मराठी होते म्हणून हे निभावलं. दुसरी नर्स असती तर नोंद झाली असती, ‘कुटुंबाने नकार दिला’. अशा किती नोंदी त्या 40 टक्क्यांच्या पलीकडे पडल्या असतील.

कृष्णवर्णीय कुटुंबांचा अविश्वास तर कमावलेला आहे, आणि तो कमावून दिला इथल्या व्यवस्थेनं. अलाबामातल्या टस्किगीला 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यखात्यानं सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते त्यांना दिलं नाही, रोग काय करतो ते बघत राहिले. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागायला 1997 उजाडलं. हे जुनं झालं असं कुणी म्हणेल. पण आज 84 वर्षांची असलेली कृष्णवर्णीय बाई विशीत होती तेव्हा दक्षिणेत रुग्णालयांचे वॉर्ड रंगानुसार वेगळे होते; 1966 मध्ये मेडिकेअर सुरू झालं आणि ‘वेगळे वॉर्ड ठेवाल तर पैसे नाहीत’ असं सांगितलं गेलं तेव्हा ते मोडायला लागले. आणि 2000 साली न्यूयॉर्क शहरातल्या औषधाच्या दुकानांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. मोठ्या वेदनांवर पुरेसा मॉर्फीनसारख्या औषधांचा साठा गोऱ्या वस्तीतल्या 72 टक्के दुकानांत होता, बिगरगोऱ्या वस्तीत 25 टक्के. घरी मरणाऱ्या माणसाची रात्री दुखण्यानं तडफड होतेय आणि मुलगा चार दुकानं हिंडून रिकाम्या हातानं परत येतोय, हे त्या आकड्याचं घरातलं रूप.

मग एका कृष्णवर्णीय घरी एका मुलीनं मला दारातच विचारलं होतं, ‘आयुष्यभर आईच्या वाट्याला कमी उपचार आले. आता तुम्ही येऊन म्हणता की कमी उपचार हेच तिच्यासाठी बरे. मी का मानू?’ मी नर्स म्हणून गेले होते, पण त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी तिच्या स्वयंपाकघरात बसले, तिनं आईबद्दल सांगितलं, मी ऐकलं. कागद तिसऱ्या भेटीत बाहेर काढले. गोऱ्या आजींच्या मुलीला तासभर मिळाला असं तुम्ही लिहिलंत. तो तास प्रत्येकाला मिळायला हवा, आणि ज्यांनी जास्त सोसलंय त्यांना दोन.

आणि अशी कुटुंबं हॉस्पिसमध्ये आलीच तरी मधूनच बाहेर जास्त पडतात, असंही अभ्यासांत दिसतं. मला त्यात नवल वाटत नाही. रात्री दोनला श्वास लागला, फोनवर इंग्रजी येणारं माणूस घरात जागं नाही, समोरून ‘सकाळी नर्स पाठवतो’ असं उत्तर, तर कुणीही 911 हा तातडीचा नंबर लावेल. मग रुग्णवाहिका, रुग्णालय, हॉस्पिस रद्द.

तुमच्या बाबतीत रंगामुळे झालं का? त्या डॉक्टरांच्या मनात काय होतं ते चार मिनिटांवरून मी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट मनातल्या रंगावर अवलंबून नाही: तुमच्या पत्रात दुभाषी कुठेच दिसत नाही. यजमानांना इंग्रजी येतं म्हणून त्यांच्याच आईच्या मरणाची भाषा त्यांच्या गळ्यात घातली. ऑफिसचं इंग्रजी वेगळं आणि आईच्या गळ्यात घास अडकतोय तेव्हाचं इंग्रजी वेगळं. 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानुसार आणि परवडणारी आरोग्यसेवा कायद्याच्या 1557 कलमानुसार सरकारी पैसे घेणाऱ्या रुग्णालयानं आणि हॉस्पिसनं फुकट दुभाषी द्यायचा असतो. फोनवर मराठी दुभाषी मिळतो. मागा, आणि ‘आम्हाला चालेल इंग्रजी’ असं भिडेखातर म्हणू नका. बाकी आपण सगळे ‘आशियाई’ नावाच्या एकाच चौकोनात बसतो: चिनी, फिलिपिनो, गुजराती, आपण. त्या चौकोनातला कोण वाचला, कोण तडफडला, हे आकड्यांत दिसतच नाही. शिकलेले, कमावते, म्हणजे यांचं सगळं ठीक, असं धरलं जातं. तुमचं पत्र म्हणून मला मोलाचं वाटतं.

उद्या दोन हॉस्पिसना फोन करा. मेडिकेअरच्या ‘केअर कंपेअर’ या संकेतस्थळावर जवळची नावं आणि कुटुंबांनी दिलेले गुण दिसतात. नुसती माहितीची भेट मागा, तिला पैसे पडत नाहीत आणि सही करावी लागत नाही. भेटीत विचारा की रात्री दोनला फोन केला तर प्रत्यक्ष कोण येतं आणि किती वेळात. मॉर्फीन आणि तळमळीवरचं औषध पहिल्याच दिवशी घरात आणून ठेवणार का, हे विचारा. न्यूयॉर्कच्या दुकानांची गोष्ट त्यासाठीच सांगितली. मॉर्फीनला घाबरू नका, लहान मात्रेनं धाप कमी होते. सासूबाई दुखतंय म्हणून सांगू शकणार नाहीत, तेव्हा कपाळाच्या आठ्या, घट्ट वळलेली मूठ, कण्हणं आणि जवळ घेतल्यावरही शांत न होणं यावर लक्ष ठेवा आणि नर्सला तेच सांगा. नर्सकडे त्याची गुणांची पट्टी असते.

उलटंही घडू शकतं. नीट काळजी घेतली जाते, सासूबाई सावरतात, वजन टिकतं आणि हॉस्पिस म्हणतं, ‘आता या बसत नाहीत.’ सहा महिन्यांचा नियम कॅन्सरच्या चालीवर बेतलेला आहे. डिमेन्शिया पायरी उतरतो, तिथे थांबतो, पुन्हा उतरतो. तशी वेळ आली तर निदान दोन दिवस आधी लेखी नोटीस मिळायला हवी, आणि त्यावर अपील करता येतं. अपील कराच.

दिरांशी भांडू नका. पैसे मेडिकेअरचे आहेत, घरातले वाचत नाहीत, एवढं सांगून तो मुद्दा संपवा. मग त्यांना एक काम द्या. मामंजी गेले तेव्हा आई काय म्हणाल्या होत्या? रुग्णालयाबद्दल, नळ्यांबद्दल, घरी असण्याबद्दल? दूर राहणाऱ्या मुलाला आठवायला सांगितलं की तो आरोप करायचं थांबतो, हे मी अनेकदा पाहिलंय. जे आठवेल ते पोल्स्ट नावाच्या, शेवटी कोणते उपचार हवेत-नकोत ते लिहिण्याच्या अर्जात डॉक्टरांसोबत भरा, म्हणजे रात्री आलेल्या रुग्णवाहिकेच्या लोकांनाही ते बांधील राहतं. गंगाजल, तुळस, विष्णुसहस्रनाम, जे तुमच्याकडे असेल ते हॉस्पिसला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. घोट गिळता येत नसेल तेव्हा काडीला लावलेला छोटा स्पंज मिळतो, तो गंगाजलात भिजवून ओठांवरून फिरवता येतो. मी तो फिरवलाय.

ज्यांच्या घरी आजार अजून मधल्या टप्प्यात आहे त्यांच्यासाठी एक: जुलै 2024 पासून मेडिकेअरचा ‘गाइड’ नावाचा कार्यक्रम सुरू झालाय. त्यात एक माणूस तुमच्या घराला जोडून देतात आणि पात्र असाल तर वर्षाला अडीच हजार डॉलरपर्यंत विसाव्याची सोय मिळते. हॉस्पिस घेतल्यावर तो चालत नाही, म्हणून सासूबाईंसाठी तो आता नाही.

तुमच्या मदतनीस बाईंना माझ्याकडून सांगा, ती नळी तुमचा दोष नव्हता, तुम्हाला दुसरा रस्ता कुणी दाखवलाच नव्हता. काही हॉस्पिस आपल्या रुग्णांच्या घरच्यांपलीकडेही दुःखातल्या माणसांच्या बैठका घेतात. तुमच्या घरी नर्स येईल तेव्हा त्यांच्यासाठी तेवढं विचारा.

आणि भेटीच्या दिवशी फोनवर दुभाषी आला की यजमानांना भाषांतर करू देऊ नका. त्यांना त्या वेळी आईजवळ बसू द्या, बोलायचं काम दुभाष्याचं.